किती इंची घ्यायचा?

फॉल्समला आलो तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, की इथल्या बिल्डरांनी कामं उरकल्यावर दगड तसेच टाकून दिलेत. ऑफिसच्या वाटेवर गोट्यांचे लांबच लांब ढीग लागतात. नारळाएवढे, कलिंगडाएवढे, सगळे गुळगुळीत. नदीत घासलेला दगड लगेच ओळखू येतो. पण नदी तर दूर, खाली. मग हे गोटे इथं वर आणले कुणी आणि कशाला?

याचं उत्तर मला एका खरेदीच्या नादात मिळालं. खरेदी सोन्याची नव्हती, सोनं काढायच्या यंत्राची होती.

झालं असं, की माझा एक मालवणी मित्र इथंच दुसऱ्या टीममध्ये आहे. विकेंडला आम्ही दोघं पाऊण तासावरच्या कोलोमाला जायला लागलो. १८४८ च्या २४ जानेवारीला जेम्स मार्शलला करवतगिरणीच्या पाटात सोनं दिसलं, ते हे गाव. तिथं आजही नदीकाठी प्लास्टिकच्या पॅनमध्ये वाळू धुता येते. पॅन म्हणजे आपलं पसरट घमेलंच. चार तास कंबर मोडून मोहरीपेक्षा बारीक तीन-चार कण मिळतात. पण तो पिवळा कण काळ्या वाळूतून पहिल्यांदा डोळा मारतो ना, तेव्हा पुढच्या शनिवारचा बेत आपोआप ठरतो.

तिसऱ्या महिन्यात मित्र म्हणाला, "अरे, हाताने किती दिवस धुणार? ड्रेज घेऊ या."

सक्शन ड्रेज म्हणजे नदीच्या तळाचा व्हॅक्यूम क्लीनर. तरंगत्या फ्लोटवर पेट्रोलचं छोटं इंजिन, त्याला पंप, खाली तळाशी जाणारा जाड पाइप आणि वर एक उतरती पेटी, तिला स्लूस म्हणतात. पाइप तळाची वाळू-खडी ओढतो, स्लूसमधल्या आडव्या पट्ट्यांमागे सोनं अडकतं आणि बाकी सगळं मागून परत नदीत पडतं. गंमत म्हणजे ती खडी पंपातून जातच नाही. गेली असती तर पंपाचे पंखे दोन दिवसांत झिजले असते. पंप फक्त स्वच्छ पाणी जोरात एका बारीक तोंडातून पाइपमध्ये सोडतो आणि त्या झोताने मागे पोकळी तयार होऊन खालचा माल ओढला जातो. हे मला कुणी समजवावं लागलं नाही. निफाडला आमच्या द्राक्षबागेत ठिबकमधून खत सोडायला बाबा जी व्हेंच्युरी वापरतात, तीच ही. फक्त तिथे बादलीतलं खत ओढलं जातं, इथे नदी.

ड्रेज ओळखला जातो तो त्याच्या नोझलच्या व्यासावरून. दोन इंची, अडीच इंची, चार इंची, पुढे सहा, आठ. आमच्या शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये एक जुना चार इंची होता आणि त्यांना तो विकायचा होता. मित्राला तोच हवा होता. मी म्हणत होतो, अडीच इंची नवा घेऊ, पाठीवर टाकून नेता येतो. दोन आठवडे आमच्यात हीच चर्चा. किती इंची घ्यायचा?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. नोझलचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून चार इंची हा दोन इंचीच्या दुप्पट नाही, चौपट. अडीच इंची दोन इंचीच्या दीडपटीहून थोडा जास्त. छोट्या पाइपात लिंबाएवढा दगड तिरका बसला की सगळं तुंबतं आणि मग दिवसभर काठीने पाइप ठोकत बसायचं. मोठा घेतला तर तो उचलायला दोन माणसं, खोल पाण्यात काम करायचं म्हणजे वेटसूट आणि श्वासासाठी वर इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर. कंपन्या तासाला इतकं घनयार्ड माल ओढतो असे आकडे छापतात, ते सुट्या, एकसारख्या वाळूचे असतात. खऱ्या नदीत निम्मा वेळ हाताने गोटे बाजूला करण्यात जातो. झोत कुठे सोडायचा यातही दोन पंथ. नोझलपाशीच झोत असला तर गुडघाभर पाण्यातही चालतो, पण ओढ कमी आणि तुंबणं फार. झोत वर पेटीजवळ असला तर ओढ जबरदस्त, पण नोझल पाण्याबाहेर आलं की हवा शिरते आणि ओढ सुटते. ज्याने विहिरीवरच्या पंपात बादलीने पाणी भरलंय त्याला हा वैताग वेगळा सांगायला नको.

एक्सेल शीट केली होती मी. इंच, वजन, किंमत, तासाचा माल. मग एका रात्री त्या शीटमध्ये "कायदा" असा रकाना टाकला आणि तिथून जो भूतकाळात घुसलो तो अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कॅलिफोर्नियातल्या सोन्याचा इतिहास हा थ्रूपुटचा इतिहास आहे. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, साधी वाळू अडीचपट. हलवा, धुवा, सोनं तळाशी बसेल. तत्त्व तेवढंच आणि ते कधीच बदललं नाही. बदललं ते एवढंच, की एका दिवसात किती माती या तत्त्वाखालून काढायची. पॅनने एक माणूस दिवसभर थोडी माती धुतो. १८४८ मध्येच जॉर्जियाच्या खाणींतून आलेल्या आयझॅक हम्फ्रीने कोलोमात रॉकर आणला, म्हणजे लहान मुलाच्या पाळण्यासारखी डुलणारी पेटी. मग लांब स्लूस आले. वरवरचं सोनं दोन-चार वर्षांत संपलं. टनामागे सोनं कमी झालं, तर टन वाढवायचे. १८५३ मध्ये नेव्हाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटसनने नळीला तोटी लावून पाण्याचा झोत सरळ टेकडीवर मारला. टेकडी विरघळली. पुढच्या तीस वर्षांत सिएरा नेवाडाच्या उतारांवर तोफांसारख्या लोखंडी तोट्या डोंगर पाडत होत्या. यालाच हायड्रॉलिक मायनिंग म्हणतात.

आणि त्या स्लूसमध्ये पारा ओतलेला असायचा.

हे मला नवीन नव्हतं. माझं आजोळ नाशिकच्या सराफ बाजाराजवळ. लहानपणी पहाटे तिथे झारेकरी दिसायचे. सराफांच्या दुकानांपुढची धूळ झाडून, गटारातला गाळ काढून ते घमेल्यात धुवायचे. डोळ्यांना न दिसणारी सोन्याची भुकटी गोळा करायला पारा लागतो. पारा सोन्याला धरतो, मग तापवला की पारा उडून जातो, सोनं राहतं. आजी आम्हाला त्यांच्या शेगडीजवळ उभं राहू द्यायची नाही. कारण सांगायची नाही, नुसती ओढून न्यायची.

कॅलिफोर्नियात हाच प्रकार राक्षसी प्रमाणात झाला. पारा जवळच मिळत होता, सॅन होजेच्या दक्षिणेला न्यू अल्मेडनच्या खाणीत. बे एरियातले आपले अर्धे लोक अल्मेडन एक्सप्रेसवेवरून रोज ये-जा करतात, ते नाव स्पेनमधल्या पाऱ्याच्या जुन्या खाणीवरून आलंय. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, तरी वेगवान पाण्यात तो फुटून थेंब थेंब वाहून जायचा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अंदाजानुसार कॅलिफोर्नियात सोन्यासाठी वापरलेल्या पाऱ्यापैकी एक कोटी पौंडांहून जास्त पारा निसर्गात सांडला. त्या काळच्या कुणाला तो गुन्हा वाटला नाही. त्यांच्या हिशेबात तो फक्त खर्च होता, पुन्हा विकत आणायचा.

हिशेब नेहमी पेटीत काय राहिलं याचाच व्हायचा. पेटीच्या मागून काय गेलं ते खालच्या गावांनी मोजलं. डोंगरांचा गाळ युबा नदीतून सपाटीवर आला. नदीचा तळ उचलला गेला, शेतं चिखलाखाली गेली. मेरीसव्हिल शहराने बंधारे बांधले, नदी चढली तसे बंधारेही चढवले. १८७५ च्या पुरात तो चिखल शहरात शिरला. तिथला एक मालमत्ताधारक, एडवर्ड्स वुडरफ, नॉर्थ ब्लूमफील्ड ग्रॅव्हल मायनिंग कंपनीविरुद्ध कोर्टात गेला. कंपनी म्हणजे त्या काळचं बडं प्रस्थ. ७ जानेवारी १८८४ ला न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला, कंपनीच्या विरोधात. हे सॉयर तरुणपणी, १८५० मध्ये, स्वतः सोनं शोधायलाच इथे आले होते, खाणीत राबलेही होते.

निकालाबद्दल मला सगळ्यात आवडतो तो त्यातला नेमकेपणा. डोंगरावर पाणी मारू नका, असं कोर्ट म्हणालं नाही. म्हणालं, गाळ नदीत सोडू नका. पुढचं तोंड मोकळं, मागचं बंद. पण मागचं बंद केलं की ते यंत्र परवडतच नाही, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होतं.

गाळ मात्र थांबला नाही, तो आधीच निघालेला होता. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने नद्यांमधून फिरून त्याचा माग काढला आणि १९१७ मध्ये अहवाल छापला. पनामा कालव्यासाठी जेवढी माती खणली गेली, तिच्या जवळजवळ आठपट माल या डोंगरांतून नद्यांत आला होता आणि तो एखाद्या मंद लाटेसारखा समुद्राकडे सरकत होता. मी हा अहवाल मोबाइलवर वाचला, बराचसा लोकलसारख्या इथल्या लाइट रेलमध्ये. शंभर वर्षांपूर्वीचा सरकारी कागद इतका गुंगवून टाकेल असं वाटलं नव्हतं.

मग माझ्या ऑफिसच्या वाटेवरचे गोटे? ते त्यानंतरचे. १८९८ मध्ये ओरोव्हिलला फेदर नदीवर बादल्यांच्या साखळीचा ड्रेज यशस्वी झाला. चार मजली बोट स्वतःच खणलेल्या डबक्यात तरंगते, पुढून बादल्या जमीन खातात, पोटात सोनं राहतं, मागून गोट्यांचा ढीग पडतो, आणि डबकं तसंच पुढे सरकतं. फॉल्सम ते रँचो कॉर्डोव्हा या पट्ट्यात नाटोमास कंपनीच्या बोटी १९६२ पर्यंत हेच करत होत्या. सुपीक माती खाली गेली, गोटे वर आले. आम्ही भाड्याने राहतो ती कॉलनी त्याच्या काठावर आहे.

आणि याच सुमाराला हे सगळं लहान झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्याखाली श्वास घ्यायची साधनं सामान्य माणसाच्या हातात आली, हलकी इंजिनं आली, आणि पन्नाशीच्या दशकात हौशी पाणबुड्यांनी पाइप लावून नदीच्या तळाच्या खडकांतल्या भेगा उपसायला सुरुवात केली. जुन्या खाणवाल्यांना वाहत्या नदीच्या तळापर्यंत नीट पोचता आलं नव्हतं, नदी वळवावी लागायची. आता एक माणूस पिकअपमधून यंत्र आणून शनिवारी ते करू शकत होता. राज्याने १९६१ मध्येच यासाठी परवाना लागू केला. तेव्हा अमेरिकन नागरिकाला सोन्याची लगड बाळगायलाही १९३३ पासून बंदी होती. ती १९७४ च्या शेवटी उठली. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं, आणि आमच्या शेजारच्या आजोबांनी नोकरीतून दोन आठवडे सुट्टी घेऊन चार इंची ड्रेज विकत घेतला.

"त्या उन्हाळ्यात युबावर इंजिनांचा आवाज थांबतच नव्हता," ते म्हणाले. त्यांनी तीस उन्हाळे काढले. ड्रेजचे पैसे कधीच वसूल झाले नाहीत, असंही हसत सांगितलं.

६ ऑगस्ट २००९ ला गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी सही केली आणि कॅलिफोर्नियातल्या नद्यांत सक्शन ड्रेज चालवणं थांबलं, त्याच दिवसापासून, ऐन हंगामात. परवाने घेतलेले तीन-साडेतीन हजार लोक तसेच राहिले. यामागे उत्तरेच्या क्लामथ नदीवरची कारुक ही आदिवासी जमात होती. त्यांचं जगणं सॅमन माशावर. मासा खडीत अंडी घालतो, ड्रेज तीच खडी गिळतो. मागे जो सैल ढीग पडतो तो माशाला अंडी घालायला छान वाटतो आणि पहिल्या पुरात वाहून जातो. कारुक लोक २००५ मध्ये कोर्टात गेले होते. ज्यांच्या नदीवर १८५० मध्ये कुणी न विचारता खाणवाले आले, त्यांच्या वंशजांनी दीडशे वर्षांनी शेवटच्या खाणवाल्याला बाहेर काढलं. खाणवाले म्हणाले, आमच्याकडे १८७२ चा केंद्राचा खाणकायदा आहे, राज्य कोण अडवणारं? २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अडवू शकतं. आज बंद नदीपासून शंभर यार्डांच्या आत ड्रेज नुसता जवळ बाळगणंही बेकायदा आहे.

आजोबांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते फालतू नाही. सॅमनचा रस्ता पन्नाशीत फॉल्सम धरणाने अडवला, ड्रेजने नाही. एका हिवाळी पुरात नदी जेवढी खडी हलवते तेवढी सगळे ड्रेजवाले मिळून हलवत नव्हते. आणि तिसरी गोष्ट सांगायला ते मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. फळीवर लोणच्याची असते तशी काचेची छोटी बरणी होती. तळाला दोन बोटं पारा. "उचल," म्हणाले. बरणी एवढीशी, पण किलोभराच्या पुढे वजन. हाताचा अंदाज साफ चुकतो. ड्रेजच्या पट्ट्यांमागे तीस वर्षांत अडकलेला हा पारा, १८५० नंतर कुणीतरी सांडलेला. "हा नदीतून मी काढला. फुकट. सरकारने किती काढला?"

यावर एक चाचणी झालेली आहे. राज्याच्या पाणी मंडळाने याच अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर, पारा साचलेल्या जागी, ड्रेज चालवून मोजलं. २००५ चा अहवाल आहे. ड्रेजने ९८ टक्के पारा पकडला. आजोबांनी हा आकडा मला पाठ म्हणून दाखवला. पण अहवाल तिथे संपत नाही. उरलेले दोन टक्के मागून गेले ते पिठासारखे बारीक होऊन, आणि मागच्या गाळातलं पाऱ्याचं प्रमाण धोकादायक कचऱ्याच्या मर्यादेच्या दहापटीहून जास्त होतं. तळाशी थेंब होऊन पडलेला पारा बराचसा गप्प असतो. बारीक होऊन खाली धरणाच्या संथ पाण्यात गेला, की तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. ते शेवाळातून किड्यात, किड्यातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्या माशात चढत जातं.

९८ की २, यावर माझ्या शीटमध्ये उत्तर नव्हतं. आपण सर्व्हरच्या बाबतीत ९८ टक्के ऐकून कधी खूश होत नाही, एवढं मात्र मनात आलं.

उत्तर मित्राच्या घरातून आलं. तो मालवणचा, मासे मिळाले नाहीत तर त्याला करमत नाही. घराजवळच्या नाटोमा तलावावर गळ टाकून बसायचा, बास लागला की तिरफळं घालून कालवण. त्याच्या बायकोला तिसरा महिना लागला आणि डॉक्टरांनी सहज विचारलं, मासे कुठले खाता? तलावाच्या धक्क्यावर फलक आहे. कोणता मासा आठवड्यातून किती वेळा, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी वेगळा, कडक तक्ता. कारण, पारा. आम्ही त्या फलकाशेजारी उभं राहून कित्येकदा चहा प्यायलोय.

त्या रात्री त्याचा फोन आला. ड्रेजचं नाव काढलं नाही. म्हणाला, "मी आईला सांगत होतो रे, इथे मासे अगदी आपल्यासारखे ताजे मिळतात." मग बराच वेळ काही बोलला नाही. वहिनींच्या रक्ताचा रिपोर्ट आठवड्याने आला, ठीक होता. तो आठवडा त्याने कसा काढला ते मी पाहिलंय.

ड्रेज आम्ही घेतला नाही. आयडाहोत पाच इंच नोझल आणि पंधरा हॉर्सपॉवरपर्यंतचा छोटा ड्रेज परवाना घेऊन काही नद्यांत चालतो, अलास्कात सहा इंच आणि अठरा. म्हणजे आमचा वाद, किती इंची, तिथे कायद्यानेच घातलाय. आजोबांचा चार इंची आयडाहोचाच एकजण ट्रेलरवर घालून घेऊन गेला. तो वळणावर दिसेनासा झाला तरी आजोबा ड्राइव्हवेवर उभे होते. मी कोलोमाला अजून जातो, पॅन घेऊन.

बरणी राहिली होती. आजोबांना ती कुणाला द्यायची नव्हती, फेकायचीही नव्हती. शेवटी त्यांनीच एका शनिवारी दार वाजवलं. घरगुती धोकादायक कचरा घेणारं काउंटीचं केंद्र आहे, तिथे जाऊ या म्हणाले. बरणी झाकणाला टेप लावून बादलीत, बादलीत वर्तमानपत्र, आणि बादली माझ्या मांडीवर. गाडी ते हळू चालवत होते. केंद्रावरच्या मुलीने हातमोजे घातले, बरणी उचलली आणि तिचाही हात अंदाज चुकून खाली गेला.

"बापरे. थर्मामीटरमधला आहे का?"

"नाही," आजोबा म्हणाले. "नदीतला."

तिने फॉर्मवर काय लिहायचं ते विचारण्यासाठी आत कुणाला तरी हाक मारली. आम्ही उन्हात उभे राहिलो.